संख्यात्मक संशोधनाचं दुसरं प्रकरण लिहिताना

मानसशास्त्रातल्या माझ्या पीएच.डी.चा विषय होता विद्यार्थ्यांमधला ताण, झोपेची गुणवत्ता आणि सामाजिक आधार. प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचा आकडा) काढायचा, रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधणारं गणित) करायचं, असं संख्यात्मक काम. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर झाला आणि पूर्वसंशोधनाचा आढावा, म्हणजे प्रबंधाचं दुसरं प्रकरण, लिहायला घेतला. गाईड सरांनी सुरुवातीलाच एक कसोटी हातात दिली. "परिच्छेद लिहून झाला की स्वतःला विचार, याने तिसऱ्या प्रकरणातला कुठला निर्णय पक्का झाला? एकही नसेल तर तो कितीही छान असला तरी काढून टाक."

तिसरं प्रकरण म्हणजे संशोधन पद्धती. संख्यात्मक अभ्यासात माहिती गोळा करायला बाहेर पडण्याआधीच बहुतेक सगळं ठरलेलं असावं लागतं: चल (मोजायच्या गोष्टी) कोणते, मापनी (मोजण्याची प्रश्नावली) कोणती, परिकल्पनेची (तपासायच्या विधानाची) दिशा कोणती, नमुना (सहभागी विद्यार्थी) केवढा. तोंडी परीक्षेत यातल्या प्रत्येकाला "का?" असा प्रश्न येतो आणि "मला योग्य वाटलं" हे उत्तर तिथे टिकत नाही. उत्तर आढाव्यातच असावं लागतं. सरांची कसोटी मला पटली ती यामुळे.

शोधाबद्दल थोडक्यातच सांगते. ताण, झोप आणि विद्यार्थी या तिन्हींचे समानार्थी शब्द काढून पबमेड, सायकइन्फो आणि गूगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या ऑनलाइन साठ्यांत शोध घेतला. कोणत्या तारखेला, कुठे, कोणते शब्द टाकले आणि किती पेपर आले, याची वही ठेवली. माझा आढावा पद्धतशीर आढाव्याच्या प्रकारातला नव्हता, तरी प्रिझ्मा या पद्धतशीर आढाव्याच्या मार्गदर्शिकेची 2020 ची 27 मुद्द्यांची यादी समोर ठेवल्याने कोणता पेपर का गाळला हे लिहून ठेवायची सवय लागली. एखादा पेपर महत्त्वाचा वाटला की त्याने कुणाचे संदर्भ घेतलेत आणि नंतर त्याचा संदर्भ कुणी घेतलाय, अशा दोन्ही बाजूंनी माग काढला. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले.

खरं काम झालं ते एक्सेलच्या तक्त्यात. एका ओळीत एक पेपर. लेखक, वर्ष, नमुना हे रकाने तर सगळेच करतात. मला उपयोगी पडलेले रकाने वेगळे होते: मापनी कोणती, तिची किती प्रश्नांची आवृत्ती, गुण कुठून कुठपर्यंत, जास्त गुण म्हणजे चांगलं की वाईट, ती किती दिवसांबद्दल विचारते, सहसंबंध गुणांक नेमका किती, आणि वय किंवा लिंग यांसारखं काय काय नियंत्रित केलंय.

त्यातल्या "जास्त गुण म्हणजे काय" या रकान्याने तर मला तारलं. पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स ही 1989 ची मापनी. तिचे गुण 0 ते 21. जितके जास्त तितकी झोप वाईट, आणि 5 च्या वर गेले की झोपेची गुणवत्ता खालावलेली मानतात. साहजिकच ताणाशी तिचा सहसंबंध धन येतो. ज्या मापनीत जास्त गुण म्हणजे चांगली झोप, तिथे हाच निष्कर्ष ऋण चिन्ह घेऊन येतो. नुसते आकडे शेजारी शेजारी मांडले तर दोन पेपर एकमेकांना खोडून काढताहेत असं वाटेल, आणि प्रत्यक्षात दोघं एकच गोष्ट सांगत असतात.

ताणाची पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल पाहा. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये ती मांडली तेव्हा तिच्यात 14 प्रश्न होते. 1988 मध्ये 10 प्रश्नांची आवृत्ती आली. एकीचे कमाल गुण 56, दुसरीचे 40. नाव मात्र तेच. त्यामुळे "ताणाची सरासरी 22" या वाक्याला आवृत्ती कळल्याशिवाय काडीचाही अर्थ नाही. शिवाय या मापनीत आणि पिट्सबर्गमध्ये गेल्या महिन्याबद्दल विचारतात, तर निद्रानाशाच्या इन्सोम्निया सिव्हिरिटी इंडेक्समध्ये गेल्या दोन आठवड्यांबद्दल. ताण महिन्याचा आणि झोप पंधरवड्याची अशी मोट मला बांधायची नव्हती, म्हणून झोपेसाठी पिट्सबर्ग घेतली. तिसऱ्या प्रकरणात हे कारण दोन ओळींत लिहून झालं.

तक्ता भरत गेला तशी दुसरी एक गोष्ट लक्षात आली आणि तिने माझं वाचनच बदललं. आढाव्यांमध्ये एक वाक्य सर्रास आढळतं: "काही अभ्यासांत संबंध सार्थ आढळला, काहींत आढळला नाही, म्हणजे निष्कर्षांत एकवाक्यता नाही." (सार्थ म्हणजे निव्वळ योगायोगाने आलेला नसावा असा.) आता समजा, एका अभ्यासात 40 विद्यार्थी आहेत आणि सहसंबंध 0.30. पी मूल्य (खरा संबंध नसतानाही इतका किंवा याहून मोठा गुणांक योगायोगाने मिळण्याची शक्यता) साधारण 0.06 येतं, म्हणजे 0.05 च्या पातळीवर संबंध सार्थ नाही. दुसऱ्यात 400 विद्यार्थी आणि सहसंबंध 0.15. इथे पी मूल्य 0.003 च्या आसपास, म्हणजे संबंध सार्थ. ज्यात संबंध "आढळला नाही" तिथला गुणांक दुप्पट आहे! 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा गुणांक कुठून कुठपर्यंत असू शकतो याचा अंदाज) काढला तर पहिल्याचा जवळपास 0 पासून 0.56 पर्यंत पसरतो आणि दुसऱ्याचा 0.05 ते 0.24. दुसरा पहिल्याच्या पोटातच बसतो. मग विरोध आहे कुठे? तेव्हापासून "सार्थ" आणि "असार्थ" हे शब्द बाजूला ठेवून मी गुणांक आणि नमुना एकत्र वाचू लागले. आढाव्यातलं निम्मं धुकं तिथेच विरलं.

नमुन्याचा आकडा इथूनच निघाला. जेकब कोहेन यांच्या ढोबळ मापांनुसार 0.10 चा सहसंबंध लहान, 0.30 मध्यम, 0.50 मोठा. (हे कोहेन वेगळे आणि ताणाच्या मापनीचे कोहेन वेगळे, संदर्भ देताना आद्याक्षर बघूनच द्यावा.) 80 टक्के पॉवर (संबंध खरंच असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) आणि 0.05 ची सार्थकता पातळी घेतली तर 0.30 साठी सुमारे 85 जण पुरतात, 0.20 साठी मात्र सुमारे 194 लागतात. अपेक्षा थोडी खाली आणली की नमुना दुपटीहून जास्त! मी खालचीच अपेक्षा धरली आणि त्याचं कारण आढाव्यात लिहिलं. रॉबर्ट रोझेन्थाल यांनी 1979 मध्येच ही अडचण मांडली होती की असार्थ निष्कर्ष खणातच पडून राहतात, छापून येतात ते बहुतेक सार्थ. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत निष्कर्ष सार्थ होते, पुनरावृत्तीत हे प्रमाण 36 टक्क्यांवर आलं आणि परिणामाचा आकार सरासरीने निम्मा झाला. छापील गुणांक जसाच्या तसा उचलून नमुना ठरवणं मला धोक्याचं वाटतं, ते यासाठी.

मूळ स्रोतापर्यंत जाण्याचा आग्रह मी धरला आणि त्याचं चीज झालं. क्रॉनबॅक अल्फा (मापनीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) 0.70 च्या वर असला की मापनी विश्वसनीय, आणि संदर्भ नन्नली, 1978, हे किती पेपरांत दिसतं! मूळ पुस्तकात ही 0.70 ची मर्यादा संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे. मूलभूत संशोधनासाठी 0.80, आणि व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर 0.90 सुद्धा कमीत कमी. एकाचं पाहून दुसऱ्याने उतरवत गेल्याने अटी गळाल्या आणि आकडा तेवढा उरला. मी माझ्या मापन्यांसाठी 0.80 ची अपेक्षा लिहिली.

मग प्रत्यक्ष लेखन. "अमुक यांनी अमुक साली अभ्यास केला. त्यांना असे आढळले की..." या वळणाचे परिच्छेद वाचणाऱ्याला दमवतात, कारण पुढचा परिच्छेद पुन्हा तिथूनच सुरू होतो. मी परिच्छेदाचं पहिलं वाक्य नेहमी चलांमधल्या संबंधाबद्दल लिहिलं. उदाहरणार्थ: "ताण वाढतो तशी झोपेची गुणवत्ता खालावते, मात्र हा संबंध किती तीव्र हे वापरलेल्या मापनीवर अवलंबून दिसते." त्यापुढे आधार देणारे अभ्यास कंसात, मग अपवाद, आणि शेवटी अपवादाचं संभाव्य कारण. संशोधकांची नावं कंसात गेली आणि युक्तिवाद उजेडात आला. लिहून झालेल्या मजकुरातला बराच भाग सरांच्या कसोटीवर गळाला. झोपेच्या शरीरशास्त्रावरची पानं मला फार आवडली होती. पण त्यांच्यावाचून माझा एकही निर्णय अडत नव्हता, म्हणून ती काढली.

रिसर्च गॅप (आधीच्या संशोधनात राहिलेली उणीव) लिहिताना "या गटावर असा अभ्यास झालेला नाही" एवढ्यावर भागवायचं नाही हे पक्कं होतं. न झालेले अभ्यास असंख्य असतात. हाच का व्हायला हवा, ते सांगावं लागतं. कोहेन (शेल्डन) आणि विल्स यांनी 1985 मध्ये बफरिंगची कल्पना तपासली होती: आधार असलेल्या माणसावर ताणाचा घाव कमी बसतो. माझ्या तक्त्यातले बहुतेक पेपर मात्र आधार आणि झोप यांचा थेट सहसंबंध काढून थांबले होते. आधारामुळे ताण आणि झोप यांच्यातला संबंधच सैल होतो का, हे पाहायला ताण आणि आधार या दोन्हींच्या गुणांचा गुणाकार रिग्रेशनमध्ये घालावा लागतो. माझी दुसरी परिकल्पना तिथून आली. असे एकत्रित परिणाम सहसा लहान असतात, म्हणून नमुना आणखी वाढवला.

प्रबंध सादर करण्याआधी वहीतले तेच शब्द टाकून शोध पुन्हा घेतला, आणि संदर्भांतला एखादा पेपर दरम्यान मागे घेतला गेलेला नाही ना, तेही तपासलं. तसा एकही निघाला नाही. नव्या पेपरांत मनगटावरच्या उपकरणाने झोप मोजलेले काही होते. लोक आपल्या झोपेबद्दल सांगतात ते आणि उपकरण नोंदवतं ते, यांचा मेळ मर्यादितच असतो. त्यावर एक परिच्छेद दुसऱ्या प्रकरणात घातला, आणि त्यातली दोन वाक्यं संशोधनाच्या मर्यादांमध्ये नेऊन ठेवली.