मधल्या गटातील अर्ज

वैद्यकीय, विधी किंवा व्यवस्थापन महाविद्यालयाची प्रवेश समिती अंतिम निर्णयाला बसते, तेव्हा गुणांचे काम छाननीतच बरेचसे उरकलेले असते. समोर उरलेल्या बहुतेक अर्जदारांना अभ्यासक्रम झेपणार, यावर सदस्यांचे एकमत असते. अगदी वरचे अर्ज चर्चेविना मंजूर होतात, अगदी खालचे तितक्याच लवकर बाजूला पडतात आणि खरा वाद मधल्या गटावर होतो.

तेथे एखादा सदस्य अर्ज मांडतो. शिफारसपत्रात प्रत्यक्ष अनुभव आहे की नुसती स्तुती, अर्जदाराचे निवेदन आणि मुलाखत एकमेकांशी जुळतात का, एखाद्या वर्षी गुण घसरले असतील तर पुढे ते सावरले का, हे पाहून मते नोंदवली जातात. शिवाय समितीला संपूर्ण वर्गाचा विचार करायचा असल्यामुळे, जागा भरत आल्यावर तोच अर्ज प्रतीक्षा यादीत जातो, जो आरंभी सहज स्वीकारला गेला असता.

या गटातील फरक किती खरा असतो? ह्यूस्टन येथील टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला १९७९ मध्ये राज्य विधिमंडळाच्या आदेशामुळे ऐनवेळी ५० जागा वाढवाव्या लागल्या आणि आधी मुलाखत घेऊन नाकारलेल्या अर्जदारांतून त्या भरल्या गेल्या. पुढे शिक्षणकाळात आणि पदवीनंतरच्या पहिल्या वर्षी हे विद्यार्थी व आधी निवडलेले १५० विद्यार्थी यांच्या कामगिरीत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. मुलाखतीवर समित्या ज्या आत्मविश्वासाने विसंबतात, त्याला हा निष्कर्ष मोठा धक्का आहे, असे मला वाटते.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने यावर एक उपाय काढला: एका दीर्घ मुलाखतीऐवजी अनेक छोट्या मुलाखती, प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक. त्यामुळे एकाच व्यक्तीच्या आवडीनिवडीचा प्रभाव कमी होतो. नेदरलँड्सने त्याहून पुढे जाऊन वैद्यकीय प्रवेशासाठी अनेक वर्षे सोडत वापरली, आणि तिच्यात चांगले गुण असणाऱ्यांना अधिक संधी ठेवली. (सोडत म्हटली की अनेकांना ती परिश्रमांचा अपमान वाटते, हे मी जाणतो.) तरीही, पात्रता एकदा निश्चित झाल्यानंतर मधल्या गटापुरती सोडत मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण नाकारलेल्या अर्जदाराला तीत आपल्या उणिवेचे खोटे कारण शोधत बसावे लागत नाही.