उसाच्या हंगामातला अपर-डिपर

ऊसतोड सुरू झाली की आमच्या कराड भागात रात्री गाडी चालवणं हा वेगळाच प्रकार होतो. मी जनावरांची डॉक्टर. म्हैस अडायची ती हमखास रात्रीच. फोन आला की ओंड-उंडाळ्याच्या नाहीतर ढेबेवाडीच्या रस्त्याला लागायचं. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ऊस, पुसट झालेला पांढरा पट्टा आणि समोरून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा अपर, म्हणजे लांबवर जाणारा वरचा झोत, चालू.

ट्रकच्या पाठीवर ‘यूज डिपर ॲट नाईट’ रंगवलेलं आपण सगळ्यांनी वाचलंय, म्हणजे रात्री झोत खाली घ्या. पाळतात मात्र आता तेच जुने ट्रकवाले. लांबून आपला उजेड दिसला की लाईट खाली. कारवाल्यांपैकी कित्येकांना डॅशबोर्डवरचा तो निळा दिवा कशाचा, हेच ठाऊक नसतं. तो पेटलेला असला म्हणजे तुमचा अपर चालू आहे, एवढं तरी लक्षात ठेवा. मोटार वाहन नियमांत, 1989 पासून, याचं मापसुद्धा दिलेलं आहे: दिव्यापासून 8 मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना झोत लागता कामा नये. दीड मीटर म्हणजे समोरून पायी किंवा दुचाकीवर येणाऱ्याच्या डोळ्यांच्या आसपास.

“पण डिपरवर काही दिसत नाही ओ मॅडम.” हे मी रोज ऐकते. दिसतं की, साधारण 40-50 मीटर दिसतं. अडचण वेगाची आहे. 80 च्या वेगात गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढा रस्ता संपलेला असतो, आणि ब्रेक लागल्यावर आणखी 35-40 मीटर लागतात. म्हणजे डिपरवर 80 नं जाणाऱ्याला उसाची ट्रॉली दिसते तेव्हा थांबायला जागाच उरलेली नसते. 50 वर तोच हिशोब 30-35 मीटरमध्ये बसतो. म्हणून रस्ता मोकळा असेल तर खुशाल अपर लावा, मीही लावते. समोर दिवा दिसला की लगेच खाली घ्या, आणि त्याबरोबर वेगही उतरवा. ही दुसरी गोष्ट मात्र कुणी करत नाही. पुढच्या गाडीच्या मागं लागला असाल तरी डिपरच, नाहीतर त्याच्या आरशातून सगळा झोत त्याच्या तोंडावर जातो.

कुंभार्ली घाटात तर समोरची गाडी दिसायची वाटच बघायची नाही. वळणापलीकडच्या झाडांवर उजेड फिरताना दिसला की तिथंच लाईट खाली. आणि समोरच्यानं अपर नाहीच उतरवला तर एकदा डिपर मारून, म्हणजे लाईट क्षणभर वर-खाली करून बघायचा, ऐकलं तर ठीक. आपणही अपर ठेवून त्याला धडा शिकवायला गेलं की रस्त्यावर एकाऐवजी दोन आंधळे होतात. नजर रस्त्याच्या डाव्या कडेला ठेवायची, वेग कमी करायचा, त्याला जाऊ द्यायचं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. गाय, म्हैस, शेळी, कुत्रं, बिबट्या यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागं उजेड परत फेकणारा एक थर असतो. लाईट पडला की डोळे चमकतात ते त्यामुळं. पण जनावर आपल्याकडं बघत असेल तरच. पाठमोरी म्हैस रात्री डांबरासारखीच काळी. आणि डुकराच्या डोळ्यांत हा थर नसतोच, रानडुकराच्याही नाही. उसातून रानडुक्कर रस्त्यावर आलं तर चमक वगैरे काही दिसत नाही, डांबराचा एक तुकडा हलल्यासारखा वाटतो, बस. ‘डोळे चमकले की ब्रेक मारू’ या भरवशावर गाडी पळवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. दुसरं म्हणजे अपरच्या झोतात जनावर जागच्या जागी थिजतं. हॉर्न वाजवून ते आणखी बावरतं. गाडी थांबवायची आणि लाईट खाली करायचा, मग ते आपलं आपण हलतं.

माझ्या गाडीला साधे हॅलोजन बल्ब आहेत. गॅरेजवाला दर वेळी म्हणतो, “मॅडम, एलईडी टाका, दिवस उजाडंल.” त्याला मी जुना बल्ब हातात धरून दाखवला. आत दोन तारा असतात, अपरची 60 वॅटची आणि डिपरची 55 वॅटची. डिपरच्या तारेखाली नखाएवढी पत्र्याची वाटी असते. तारेचा खाली जाणारा उजेड ती अडवते, त्यामुळं झोत वर उसळत नाही. वाटीची एक कड तिरकी असते, म्हणून डाव्या कडेला उजेड जरा लांब पडतो आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचतात. एवढा विचार करून बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला स्वस्त एलईडी कोंबला की प्रकाश नको तिकडं फुटतो. जवळचा रस्ता पांढराफेक दिसतो, लांबचा तेवढाच अंधारा, आणि समोरच्याला मात्र डिपरही अपरच वाटतो. पैसे घालवायचे असतील तर पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या.

स्टेअरिंगच्या उजवीकडं शून्य ते तीन आकड्यांचं एक छोटं चाक असतं, तेही बघा. माझ्या डिकीत नायट्रोजनचं कंटेनर, कॅल्शियमच्या बाटल्या, दोरखंड असं ओझं असतं. मागं वजन पडलं की गाडी नाक वर करते आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. मग चाक दोनवर. लग्नाला पाच माणसं नि बॅगा घेऊन निघालात तरी हेच. एकटे असाल तर शून्यावर.

हे सगळं पाळूनही ट्रॉल्यांचा प्रश्न उरतोच. हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावतात, नाही असं नाही. पण ट्रॉली भरली की मागं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, लोंबतं आणि रिफ्लेक्टर नि लाल दिवा त्यातच झाकून जातात. काही ट्रॅक्टरवाले शेतातल्या कामाचा मागचा पांढरा दिवा रस्त्यावरही चालूच ठेवतात. मागून येणाऱ्याला वाटतं, गाडी समोरून येतेय. पंक्चर झालेली ट्रॉली रात्रभर दोन दगडांच्या भरवशावर सोडून जातात, त्याबद्दल तर बोलायलाच नको.

म्हणून मी गाडीत रिफ्लेक्टर टेपचे रोल ठेवते. व्यायलेली गाय कॅल्शियम कमी पडून बसली की ते शिरेतून सावकाशच सोडावं लागतं, घाई केली तर जीव जातो. तेवढ्या वेळात घरातल्या पोराला पिटाळते: जा, ट्रॉलीला टेप लाव. लाल मागं, पांढरी पुढं, आणि खाली चॅसिवर, वाढं पोचणार नाही अशी. उलटी लावलीस तर बिल दुप्पट करीन.