वजनपेटीतला चिमटा

अकरावीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला मी एक ग्रॅमचं वजन पेटीतून सरळ बोटांनी उचललं. सर ओरडले नाहीत. त्यांनी ते माझ्याकडून घेतलं, मऊ फडक्याने पुसलं आणि चिमटा माझ्या हातात दिला. "बोटाचा घाम लागला की त्याचंही वजन होतं, बाळ," एवढंच म्हणाले.

ती वजनपेटी अजून डोळ्यांसमोर आहे. खाचांमध्ये ओळीने बसवलेली पितळी वजनं आणि काचेच्या झाकणाखाली मिलिग्रॅमचे इवलेसे पत्रे. चिमट्यात धरता यावेत म्हणून एक कोपरा वर दुमडलेले. वजन ठेवायचं असो की काढायचं, आधी तराजूची दांडी खाली उतरवायची, नाहीतर ती ज्यावर तोलली जाते त्या अकिकाच्या, म्हणजे कठीण दगडाच्या, धारेला धक्का बसतो. शेवटचं वाचन घेताना काचेचं दार बंद. तेव्हा हे सगळं फार सोवळं वाटायचं.

गेली 22 वर्षं मी औषधांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. समोरचा बॅलन्स, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तराजू, 0.1 मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो, आणि आकडा इतक्या चटकन येतो की तो खराच वाटतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी नमुना जाळून उरलेली राख तोलायची होती. रिकामं क्रुसिबल, म्हणजे नमुना जाळायचं छोटं भांडं, नीट थंड करून तोललं होतं, पण राखेचं क्रुसिबल कोमट असतानाच घाईने ठेवलं. राख चक्क उणे आली! रिकाम्यापेक्षा भरलेलं हलकं. मी बघत राहिले तर आकडा हळूहळू वर सरकत होता. तेव्हा उलगडा झाला: गरम भांड्याभोवतीची हवा तापून वर चढते आणि पॅनवरचा भार कमी भासवते. डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, ते पूर्ण निवू दिलं, पुन्हा तोललं, तेव्हा राख जागेवर आली.

पावसाळ्यात कॉस्टिक सोडा तोलताना आकडा चढतच राहतो, कारण तो हवेतली ओल पितो. कोरड्या थंडीत तोलायच्या प्लॅस्टिकच्या छोट्या ताटलीवर स्थिर वीज साचते आणि आकडा ठरतच नाही. बॅलन्स वरच्या मजल्यावर हलवला तर पुन्हा कॅलिब्रेट करावाच लागतो, म्हणजे माहीत असलेल्या वजनाशी त्याचा आकडा जुळवून घ्यावा लागतो. जेमतेम दहा मीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण इतकं घटतं की 100 ग्रॅमला सुमारे 0.3 मिलिग्रॅम कमी दिसतात. शाळेतल्या दोन पारड्यांच्या तराजूला ही अडचण नव्हती. दोन्ही पारड्यांवरची ओढ सारखीच घटणार.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी निधीतून नवी प्रयोगशाळा होते आहे, म्हणून एक विनंती. इलेक्ट्रॉनिक बॅलन्स घ्याल तेव्हा तो तळमजल्यावर, न हलणाऱ्या दगडी ओट्यावर ठेवा. पंख्याखाली नको, खिडकीजवळ नको. आणि जुना तराजू भंगारात काढू नका. अकरावीच्या मुलांना पहिला महिनाभर त्याच्यावरच तोलू द्या, चिमट्याने.