नाचणीच्या गावठी वाणांचं एसएसआर: माझा अनुभव

एमएस्सीला नाचणीच्या गावठी वाणांची जनुकीय विविधता हा विषय मिळाला, तेव्हा सीनियर म्हणाले, "सोपं आहे. पानं घे, डीएनए काढ, एसएसआर लाव, डेंड्रोग्राम काढ." यातलं शेवटचं तेवढं सोपं निघालं, कारण ते कॉम्प्युटर करतो. (एसएसआर म्हणजे झाडांमधला फरक ओळखायच्या डीएनएतल्या खुणा, मार्कर; डेंड्रोग्राम म्हणजे कोण कोणाच्या जवळचं हे दाखवणारी फांद्यांची आकृती.)

बियाणं अकोले तालुक्यातून आणलं. तिकडे नाचणीला नागली म्हणतात. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाल्यापासून तिथलं गावरान बियाणं सगळ्यांना ठाऊक झालंय, पण आसपासच्या वाड्यांवर घरोघरी अजून नागली राखलेली सापडते. एका आजीनं गाडग्यात हात घालून मूठभर दाणे काढून दिले. मी विचारलं, "आजी, हे सगळं एकाच वाणाचं ना?"

"एकाच घरचं हाय," आजी म्हणाली. "हळवी-गरवी मिसळूनच टाकतो. पावसानं एक मारली तं दुसरी येती." हळवी म्हणजे लवकर पिकणारी, गरवी म्हणजे उशिरा.

हे उत्तर ऐकलं आणि आमचा आराखडाच बदलावा लागला. तोवर ठरलं होतं की प्रत्येक वाणाच्या बऱ्याच रोपांची पानं एकत्र कुटायची आणि एकच नमुना करायचा. खर्च वाचतो, थिसिसही लवकर होतो. पण गाडग्यातली सगळी सरमिसळ त्यात गडप होते, आणि आम्हाला शोधायची तर तीच होती. मॅडमना पटवलं: वाणं कमी घेऊ, पण प्रत्येक रोपाचा डीएनए वेगळा काढू.

डीएनए काढायला सीटॅब या डिटर्जंटची जुनी पद्धत. कोवळी पानंच घ्यायची, आणि त्याआधी रोपं दिवसभर अंधारात ठेवायची, म्हणजे पानातला स्टार्च कमी होतो. लिक्विड नायट्रोजनमध्ये कुटायचं, ६५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवायचं, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल टाकून सेंट्रीफ्यूज. वरचा थर पिपेटनं उचलताना मधल्या पांढऱ्या सायीला टिप लागता कामा नये. थंड आयसोप्रोपॅनॉल घातलं आणि ट्यूब हळूच उलटीसुलटी केली की डीएनएचे धागे दिसायला हवेत. माझ्या पहिल्या खेपेत खाली बसला तो तपकिरी, चिकट गोळा. पॉलिफेनॉल आणि पॉलिसॅकराइड दोन्ही त्यात उतरलेले. असल्या डीएनएवर पीसीआर, म्हणजे हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं, चालत नाही. बफरमध्ये पॉलिफेनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी वाढवलं, क्लोरोफॉर्मची धुलाई आणखी एकदा केली, तेव्हा कुठे पेलेट पांढरा आला आणि शुद्धता दाखवणारं २६०/२८० चं गुणोत्तर १.८ च्या आसपास बसलं. जीव भांड्यात पडला.

पीसीआरबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मशीन चालतं, आपण चहा पितो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, प्रत्येक कार्यक्रमात नाचणीची बिस्किटं असायची, पण पीसीआरला लागणाऱ्या टॅक पॉलिमरेज या एन्झाइमच्या खरेदीची फाईल काही टेबलावरून हलत नव्हती, एवढं मात्र नोंदवून ठेवतो.

खरं घोडं पेंड खायचं ते जेलवर. जेलमधून वीज सोडली की डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात आणि त्यांचे पट्टे, म्हणजे बँड, दिसतात. एसएसआर म्हणजे डीएनएमध्ये दोन-तीन अक्षरांची सलग पुनरावृत्ती. एका झाडात जीए ही जोडी तेरा वेळा असेल, दुसऱ्यात पंधरा वेळा. फरक अवघ्या चार अक्षरांचा. अगारोजच्या साध्या जेलवर दोन्ही बँड एकाच उंचीवर दिसतात. म्हणून पॉलिअॅक्रिलामाइड जेल आणि सिल्व्हर स्टेनिंग, म्हणजे चांदीच्या क्षारानं बँड रंगवणं. डेव्हलपर ओतला की ट्रेवरून नजर हलवायची नाही. आधी काहीच दिसत नाही, मग लॅडर, म्हणजे माहीत असलेल्या लांबीचे तुकडे, उमटते, मग आपले बँड. आणि अॅसेटिक अॅसिडनं थांबवायला थोडा उशीर झाला की सगळं जेल तपकिरी.

पुढचा पेच वेगळाच. एका प्रायमरला (पीसीआरमध्ये डीएनएवर ठरलेल्या जागी बसणारा छोटा तुकडा) प्रत्येक रोपात दोन-दोन बँड. पुस्तकी उत्तर असं की झाड हेटेरोझायगस आहे, म्हणजे त्या जागेच्या त्याच्या दोन प्रती वेगळ्या आहेत. पण नाचणीत परागीभवन जवळजवळ पूर्णपणे स्वतःचं स्वतःशी होतं. सगळी रोपं एकजात हेटेरोझायगस असणं शक्य नाही. नाचणीत ३६ गुणसूत्रं असतात, ती ए आणि बी अशा दोन जिनोमची, म्हणजे गुणसूत्रांच्या दोन वेगळ्या संचांची, मिळून. ए जिनोम ज्याच्याकडून आला ते इल्युसाइन इंडिका आपल्याकडे रस्त्याकडेला सर्रास उगवणारं गवत आहे. प्रायमर दोन्ही जिनोमवर जाऊन बसत होता, म्हणून दोन बँड. असे प्रायमर वेगळे काढले आणि दोन्ही जागांचं स्कोअरिंग, म्हणजे बँडची नोंद, स्वतंत्र केलं.

त्यानंतरही कितीतरी प्रायमर सगळ्या वाणांत एकच बँड देत होते. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, आपल्याकडे आली ती थोड्या बियाण्यातून, त्यामुळे आशियाई वाणांत विविधता कमी, हे आधीच्या अभ्यासांत आलेलंच आहे. तुलनेसाठी घेतलेली आफ्रिकी वाणं जेलवर लगेच वेगळी पडली. कर्नाटकात लक्ष्मणय्यांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर करून 'इंडाफ' वाणं काढली, ती कशासाठी, हे मला पाठ्यपुस्तकापेक्षा या जेलनं जास्त नीट समजावलं.

आमच्या वाणांत वेगळ्या नावांची काही जेलवर हुबेहूब सारखी निघाली, आणि आजीच्या एका मुठीत मात्र स्पष्ट वेगळे नमुने. डेंड्रोग्राममध्ये ती रोपं तीन ठिकाणी विखुरली. पानं एकत्र कुटली असती, तर हे दिसलंच नसतं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "मग यातलं चांगलं वाण कोणतं?" मी सांगितलं, सर, हे मार्कर ते सांगत नाहीत. कोण कोणाच्या जवळचं एवढंच ते सांगतात. उत्पन्न आणि करपा शेतातच बघावा लागतो. सरांना ते फारसं रुचलं नाही, पण पुढे गेले.

यंदा ज्युनियरनं तीच रोपांगणिक वेगळी ठेवलेली बियाणी करप्यासाठी लावली आहेत. स्कोअरिंगची शीट आणि जेलचे फोटो मी तिला देऊन टाकलेत. दोन जागांवर बसणाऱ्या प्रायमरांची यादी शीटच्या पहिल्याच पानावर आहे.