तुम्ही विचारलंत म्हणून : खिडकीमागच्या अधिकाऱ्याची श्रद्धा

कायद्यावर बोलायला गेले की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुतेकदा देवाधर्माचं मनापासून करणारे, सरळ लोक असतात. “समलिंगी लग्न ज्याच्या धर्मात पाप आहे, त्या अधिकाऱ्याला त्या कागदावर सही करायला लावणं हा त्याच्यावर अन्याय नाही का?” विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा अमेरिकेतल्या किम डेव्हिस असतात, म्हणून त्यांच्याच प्रकरणावरून सांगते.

केंटकी राज्यात लग्नाचा परवाना काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) क्लार्कच्या कचेरीतून मिळतो, आणि हा क्लार्क लोकांनी निवडून दिलेला असतो. डेव्हिस तेव्हा रोवन काउंटीच्या क्लार्क होत्या. २६ जून २०१५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना देशभर लग्नाचा हक्क दिला. त्यावर डेव्हिसनी परवाने देणंच बंद केलं, अगदी स्त्री-पुरुष जोडप्यांनासुद्धा. चार जोडपी कोर्टात गेली, त्यांतली दोन स्त्री-पुरुषांची होती. शेजारच्या काउंटीतून परवाना घ्या, असं डेव्हिसच्या बाजूने सांगितलं गेलं. पण ही माणसं कर भरत होती रोवनमध्ये. आपल्याच गावच्या कचेरीने त्यांना का म्हणून परत पाठवावं?

न्यायाधीश डेव्हिड बनिंग यांनी ऑगस्टमध्ये परवाने द्यायचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली नाही. तरी डेव्हिस हटल्या नाहीत, तेव्हा ३ सप्टेंबरला न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांची तुरुंगात रवानगी झाली. माझीही धर्मश्रद्धा आहे, पण मी शपथ घेतली आहे, असं बनिंग यांनी सुनावणीत सांगितलं होतं.

श्रद्धेसाठी तुरुंगात गेलेली बाई, एवढंच आपल्यापर्यंत पोचलं. पुढचा भाग क्वचितच कोणी सांगतं. त्यांच्या हाताखालच्या सहा जणांपैकी पाच जण परवाने द्यायला तयार होते. त्यांना ते काम करू द्याल का, असा पर्याय डेव्हिसपुढे ठेवला गेला. त्यांनी तोही नाकारला. छापील परवान्यावर क्लार्क म्हणून आपलं नाव येतं, म्हणजे आपलीच संमती ठरते, हे त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्याच दिवशी, डेव्हिस कोठडीत असताना, त्याच कचेरीतून परवाने मिळायला लागले.

मी स्वतः रोज देवपूजा करणारी बाई आहे. मनाला न पटणाऱ्या कागदावर सही करताना हात अडखळणं मला समजतं, आणि ते मी कधीच हसण्यावारी नेणार नाही. पण इथे डेव्हिसनी स्वतःचा हात आखडून घेतला आणि वर दुसऱ्यांचेही हात धरून ठेवले. ज्यांची श्रद्धा आड येत नव्हती, त्यांनाही काम करू दिलं नाही. माझ्या मते श्रद्धेचा हक्क तिथे संपला होता आणि अधिकाराची सत्ता सुरू झाली होती.

नावाचा प्रश्न तर सुटण्यासारखाच होता, आणि सुटलाही. २०१६ मध्ये केंटकीने कायदा बदलून परवान्यावरून क्लार्कचं नाव काढून टाकलं. युटा राज्याने २०१५ मध्येच कचेरीत लग्न लावायला कोणीतरी उपलब्ध असलंच पाहिजे, अशी जबाबदारी क्लार्कवर टाकली. ते कोण, हे कचेरीने आपसात ठरवावं. मला ही वाट योग्य वाटते, एका अटीवर: खिडकीसमोर उभ्या जोडप्याला या अडचणीची झळ लागता कामा नये. त्यांना थांबवून ठेवणं नाही, उद्या या म्हणणं नाही, तोंड वाकडं करणं तर नाहीच.

आणि कचेरीत दुसरं कोणी नसेल, किंवा एवढंही मनाला झेपत नसेल तर? मग खुर्ची सोडावी. मिसिसिपीतल्या ग्रेनाडा काउंटीच्या क्लार्कने त्याच जूनमध्ये चोवीस वर्षांनंतर राजीनामा दिला. त्यांचं मत मला मान्य नाही, पण त्यांच्याबद्दल मला खरोखर आदर आहे. श्रद्धेची किंमत त्यांनी स्वतः मोजली, कुठल्या जोडप्याला मोजायला लावली नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, त्यामुळे हा पेच आपल्या विवाह अधिकाऱ्यापुढे अजून आलेला नाही. पण आंतरधर्मीय लग्नाचा आहे ना! १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली जोडपं नोटीस द्यायला येतं, ती तीस दिवस लावली जाते. समोरच्या अधिकाऱ्याला ते लग्न धर्मबुडवेपणा वाटत असेल आणि तो म्हणाला, “माझी श्रद्धा आड येते, दुसऱ्या तालुक्यात जा,” तर? सभेत मी हे विचारते तेव्हा “चालणार नाही” असं लगेच म्हणणाऱ्यांत मघाशी डेव्हिसची बाजू घेणारेही असतात. त्या जोडप्यासाठी जे चालणार नाही, ते रोवन काउंटीतल्या दोन पुरुषांसाठी का चालावं, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.