बफरमध्ये कॅल्शियम नव्हतं आणि मी अँटीबॉडीला शिव्या देत बसलो

उंदराच्या साडेबारा दिवसांच्या भ्रूणाचं फुफ्फुस दोनेक मिलिमीटरचं असतं, उजवीकडे चार खण, डावीकडे एकच. ते मायक्रोस्कोपखाली चिमट्याने सोडवायचं, फिक्स करायचं (रसायनाने पेशी आहेत तशा टिकवायच्या) आणि ई-कॅडहेरिन नावाच्या प्रोटीनचं स्टेनिंग करायचं, म्हणजे त्याला चिकटणारी अँटीबॉडी लावून ते चमकवायचं, एवढंच काम होतं माझं. हे प्रोटीन नळ्यांच्या आतल्या अस्तरातल्या पेशींना शेजारणीशी धरून ठेवतं, नळ्यांभोवतीच्या सैल पेशींमध्ये, म्हणजे मेसेनकाइममध्ये, ते नसतं, त्यामुळे काळोखात फांद्याफांद्यांचं झाड चमकायला हवं.

माझं झाड काही चमकेना. पेशींच्या कडा पुसट आणि आत नुसते ठिपके. मग काय, अँटीबॉडी कमी करून बघितली, जास्त करून बघितली, ब्लॉकिंग (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणूनची पायरी) रात्रभर ठेवलं, नवी वायल मागवली, तीन बॅच गेल्या आणि सरांना दर मीटिंगला तोच फोटो दाखवायची लाज वाटायला लागली. शेवटी लॅबमधल्या एका सिनियर ताईने सहज विचारलं, "डिसेक्शन कशात करतोस रे?" साध्या पीबीएसमध्ये, म्हणजे मिठाच्या बफर द्रावणात, तेही कॅल्शियम नसलेल्या. आणि माझा हात इतका स्लो की पहिलं फुफ्फुस फिक्स व्हायच्या आधी दोन तास त्यातच पडून.

अरे, कॅडहेरिनच्या नावातच कॅल्शियम आहे! बाहेरच्या बाजूला त्याचे पाच तुकडे, त्यांच्या सांध्यांत कॅल्शियम बसलं की तो भाग ताठ राहतो, नसलं की लुळा पडतो, पकड सुटते आणि पेशी ते प्रोटीन आत ओढून घेते. म्हणजे माझे ठिपके बहुतेक तेच. कॅडहेरिन शोधणाऱ्या ताकेइचींनी, ट्रिप्सिनमध्ये (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइममध्ये) कॅल्शियम असेल तर हे प्रोटीन वाचतं आणि नसेल तर कापलं जातं हे कधीच दाखवून दिलंय, परीक्षेला मी ते पाठ पण केलेलं, पण हातात बाटली घेताना कोणाला आठवतंय.

पुढच्या वेळी अर्धी फुफ्फुसं कॅल्शियमवाल्या बफरमध्ये, अर्धी जुन्यात, बाकी सगळं सेम. कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर पहिल्या गटात प्रत्येक पेशीची कड रेखीव, अगदी मधाच्या पोळ्याच्या घरांसारखी, दुसऱ्यात परत तेच ठिपके. खरं सांगू, तो खराब फोटोच मला जास्त आवडला, कारण त्याच्यामुळे अँटीबॉडी निर्दोष सुटली.

आता इंटिग्रिन नावाच्या दुसऱ्या प्रोटीनकडे वळलोय. ते पेशीला खालच्या लॅमिनिन या प्रोटीनच्या थराला धरून ठेवतं, आणि त्याचा अल्फा-३ हा भाग नसलेल्या उंदरांच्या फुफ्फुसात फांद्या कमी फुटतात. त्यालाही कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतंच, त्यामुळे यावेळी आधी बाटलीचं लेबल वाचलं.