घोटा कुणाच्या हद्दीत?

बाहेर पाटी पायाच्या सर्जनची. आत अहोंचा सुजलेला घोटा, स्क्रीनवर एक्सरे. आणि डॉक्टर म्हणतो, हे ऑपरेशन मला करता येणार नाही! त्याने पेन स्क्रीनवर आडवं धरून हद्द दाखवली. खालचं पाऊल माझं, वरचं दुसऱ्याचं. फ्रॅक्चर नेमकं वर.

मी चिडले. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बर्फात घसरणारा माणूस हद्द बघून घसरतो का?

तो पोडियाट्रिस्ट, म्हणजे पावलांचा डॉक्टर. अमेरिकेत ही वेगळीच जात. एमडी (म्हणजे इथली एमबीबीएस) नव्हेत. डिग्रीनंतर 4 वर्षं त्यांचं स्वतंत्र कॉलेज, मग 3 वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. पुढे 'अमेरिकन बोर्ड ऑफ फूट अँड अँकल सर्जरी'ची सर्टिफिकेटं दोन: एक पावलाचं, दुसरं टाच-घोट्याचं. पेपर देऊन सुटका नाही, स्वतः केलेल्या ऑपरेशनांची कागदपत्रं एक्सरेसकट बोर्डापुढे मांडायची. सर्टिफिकेट कायद्याने सक्तीचं नाही, पण त्याच्याशिवाय बरीच हॉस्पिटलं ऑपरेशन करू देत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये तर 2014 पर्यंत पोडियाट्रिस्टला घोट्याची मुभाच नव्हती. आता आहे, पण राज्याची वेगळी परवानगी काढून.

हे सगळं फोनवर ऐकून सासरे म्हणाले, "म्हणजे तो एमबीबीएससुद्धा नाही?"

सांगलीचे आमचे हाडांचे डॉक्टर मानेपासून अंगठ्यापर्यंत सगळं करतात. मामांच्या घोट्यात त्यांनीच प्लेट बसवली आणि मामा दर आषाढीला वारी चालतात. आता आणखी काय सर्टिफिकेट हवं? मात्र 'डॉक्टर, असे घोटे किती केलेत?' हे त्यांना विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. इथे तो माणूस न विचारता 'मला जमणार नाही' म्हणाला, आणि हातातली केस सोडली. ते मनात राहिलंच. (तपासणीची फी मात्र सोडली नाही.)

शेवटी ऑपरेशन केलं ऑर्थोपेडिक सर्जनने. एमडी, 5 वर्षं हाडांची रेसिडेन्सी, वर एक वर्ष फक्त पाऊल-घोटा. मी त्याचंही बोर्ड शोधलं. ऑर्थोपेडिकवाल्यांच्या बोर्डाचं हाताच्या सर्जरीसाठी जादा सर्टिफिकेट आहे, स्पोर्ट्स मेडिसिनसाठी आहे, पाऊल-घोट्यासाठी नाहीच! हाडांचं बोर्ड पास झालं की कागदोपत्री घोटा त्यातच आला.

म्हणजे फिरून फिरून हाडांचाच डॉक्टर. सासऱ्यांना हे अजून सांगितलेलं नाही.